बाजारात न मिळणारी फळं आपल्या परसदारी

"काकू, ही करवंदं का हो?"

शेजारची आठ वर्षांची चिमुरडी हातात चार-पाच फालसे घेऊन विचारत होती. मी म्हटलं, "आईला विचार जा." ती गेली आणि दोन मिनिटांत आईलाच घेऊन आली. आईलाही ठाऊक नव्हतं! मला हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं. आमच्या लहानपणी शाळेच्या फाटकाशी एक आजीबाई टोपली घेऊन बसायच्या. त्यांच्या टोपलीत एप्रिलमध्ये फालसे असायचे, मेमध्ये करवंदं, थंडीत बोरं आणि मधे केव्हातरी मीठ लावलेले राय आवळे. आता त्या आजीबाई नाहीत आणि ती टोपलीही नाही. गाड्यावर सफरचंद मात्र बारा महिने असतं, तेही कुठल्या कुठल्या मुलुखातून आलेलं. शेजारच्या डोंगरावरची करवंदं मिळाली तर मिळाली.

असं का होतं? तर त्यात त्या फळांचा काही दोष नाही. फालसा सकाळी तोडला की संध्याकाळी मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. पिकलेलं तुतं बोटांत धरलं तरी रस गळायला लागतो. जे फळ ट्रकचा प्रवास सोसत नाही, त्याला बाजारात जागा नाही. तेव्हा मैत्रिणींनो, ही फळं खायची तर झाड आपल्याच दारात हवं. आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

माझी 'बाग' म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. सांगलीच्या आमच्या घरामागे बारा फूट बाय अठरा फुटांचं परस आहे. त्यातच धुण्याचा दगड, त्यातच पाण्याची टाकी. शिवाय गच्चीवर सहा कुंड्या. एवढ्यात गेल्या वीस वर्षांत मी जे केलं, जे चुकलं आणि एकदा तर जिवावर बेतलं, ते सगळं आज सांगणार आहे.

आधी माती

आमच्याकडची माती काळी. ऊस झकास येतो, पण पाणी धरून ठेवते आणि फळझाडांची मुळं पावसाळ्यात कुजतात. म्हणून खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल घ्यावा. तळाला विटांचे तुकडे किंवा मुरूम घालावा. निघालेल्या मातीत एक तृतीयांश जुनं, चांगलं कुजलेलं शेणखत, दोन-तीन घमेली जाड वाळू आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. शेणखत ताजं असेल तर ते तापतं आणि हुमणी घेऊन येतं. थोडं थांबावं, पण जुनंच घ्यावं.

ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनी प्लॅस्टिकचं मोठं पिंप आडवं कापून घ्यावं. दोन कुंड्या होतात. तळाला पाच-सहा भोकं पाडावीत आणि पिंप विटांवर ठेवावं. ओल्या मातीसकट असं अर्धं पिंप दीडशे किलोच्या घरात जातं. तेव्हा गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली तुळई किंवा भिंत असेल अशा कडेला ठेवावं, आणि सोसायटीला आधी विचारावं. नाहीतर खालच्या वहिनींच्या छताला ओल आली की फळं राहतील बाजूला आणि भांडण तेवढं पदरात पडेल!

लावणी जूनच्या अखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी. निम्मं काम पाऊसच करतो.

फालसा : नवशिक्यांचं झाड

पहिलंच झाड लावायचं असेल तर फालसा लावा. रोपवाटिकेत रोप मिळतं. न मिळाल्यास ताज्या फळांतल्या बिया धुऊन लगेच पेराव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ येतं. ऊन, कमी पाणी, हलकी जमीन सगळं हे झुडूप सोसतं.

एकच गोष्ट त्याला हवी, ती म्हणजे छाटणी. इथेच सगळ्या जणी चुकतात. मीही चुकले. पहिली तीन वर्षं मी कात्री लावली नाही, जीव होईना. झाड गेलं दहा फुटांवर आणि फळं आली ती मूठभर, तीही बुलबुलांच्या उंचीवर. फालशाला फळ येतं ते नव्या फुटव्यावर. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पानं गळली की सगळं झुडूप कमरेएवढ्या उंचीवर छाटून टाकायचं. पाहणारे हळहळतात. पण फेब्रुवारीत फूट येते, मग पिवळी फुलं, आणि एप्रिल-मेमध्ये फांदी न् फांदी जांभळी होते.

सगळी फळं एकदम पिकत नाहीत. रोज सकाळी वाटीभर काढायची. महिनाभर हा उद्योग पुरतो आणि सुट्टीतल्या मुलांनाही काम मिळतं.

तुती : काडी खोचा नि फळं खा

तुतीइतकं उदार झाड नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी आणावी. दोन डोळे मातीत, दोन वर. पावसाळ्यात खोचली तर बहुतेक काड्या जगतात. कुंडीतसुद्धा वर्षा-दीड वर्षात फळ धरते.

हिलाही छाटणी आवडते. फळं संपली की फांद्या निम्म्यावर कापाव्यात, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढावीत आणि खत-पाणी द्यावं. नवी फूट फळं घेऊनच येते. अशी वर्षातून दोनदा फळं घेता येतात.

फक्त एक धोरण सांभाळा, धुण्याच्या दोरीपासून लांब लावा! आमच्या ह्यांचे दोन पांढरे शर्ट या झाडानं खाल्ले आहेत. ताज्या डागावर कच्ची, हिरवी तुतं चोळून लगेच धुतलं तर डाग बराच फिका होतो, असा माझा अनुभव. वाळलेल्या डागाला मात्र इलाज नाही.

पाखरांचं काय, असं सगळ्या विचारतात. झाड लहान असेल तर जुनी मच्छरदाणी टाकावी. मोठं असेल तर वरचा शेंडा कोकिळांचा आणि खालचा आपला, असा वाटा ठरवून टाकावा.

कृष्णकमळाची फळं देणारी बहीण

कृष्णकमळाची वेल बऱ्याच दारांत असते. तिच्याच जातीची पॅशनफ्रूटची वेल. लिंबापेक्षा थोडं मोठं, गोल फळ. आत केशरी रसातल्या काळ्या बिया, आणि वास असा की एक फळ कापलं तर सगळ्या घराला कळतं. जांभळ्या सालीची जात थंड डोंगराळ भागाला मानवते, पिवळ्या सालीची आपल्यासारख्या उष्ण गावांना.

मी वेल आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही परदेशी थेरं कशाला? आपली झाडं काय कमी आहेत?" मी म्हटलं, "आई, आज तुमचा उपास ना? ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही, सगळे अमेरिका खंडातून आलेले. आणि पेरूसुद्धा तिकडूनच आलाय." त्या क्षणभर गप्प बसल्या नि म्हणाल्या, "बरं, लाव. पण मांडव तूच घाल."

मांडव घातला, वेल चढली, वर्षात शंभरेक फुलं आली आणि फळ एकही नाही! मग कळलं ते असं. पिवळ्या जातीची वेल बहुधा स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. दुसऱ्या वेलीचा पराग लागतो, आणि ती दुसरी वेल पहिलीच्याच काडीपासून केलेली असून चालत नाही, वेगळ्या बीची हवी. पराग नेण्याचं काम करतो मोठा काळा भुंगा. ज्यांच्या घराजवळ वाळकं लाकूड, बांबू असतात तिथे तो असतो. आमच्याकडे तो फारसा फिरकत नाही, म्हणून भुंग्याचं काम मीच करते.

कृष्णकमळात आपण लहानपणी काय मोजायचो? शंभर कौरव, पाच पांडव आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश. हेच ध्यानात ठेवा. एका वेलीच्या पाच पांडवांवरचा पिवळा पराग बोटानं घ्यायचा आणि दुसऱ्या वेलीच्या फुलातल्या वरच्या त्रिमूर्तीला हलकेच लावायचा. पिवळ्या जातीची फुलं दुपारी बाराच्या सुमारास उमलतात. जेवणं उरकली, ओटा आवरला की दहा मिनिटांचं काम. दोन-अडीच महिन्यांत फळ पिकून आपणहून खाली पडतं. तोडू नये, वेचावं. साल सुरकुतली की गोडी वाढते. वेलीचं आयुष्य मात्र चार-पाच वर्षांचंच. तिसऱ्या वर्षी नवं रोप तयार ठेवावं.

रात्री फुलणारं निवडुंग

ब्रह्मकमळ फुललं की आपण रात्री अकराला शेजारपाजार गोळा करतो. ते घरगुती ब्रह्मकमळ म्हणजे मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंगच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. ड्रॅगन फ्रूट हे या घरगुती ब्रह्मकमळाच्याच नात्यातलं. 2021 मध्ये गुजरात सरकारनं त्याला 'कमलम' असं नाव दिलं. त्याचंही मोठं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळच्या चहापर्यंत मान टाकतं.

हातभर लांबीचा तुकडा आणावा. लगेच मातीत खोचू नये. सावलीत पाच-सहा दिवस ठेवून कापलेली बाजू वाळू द्यावी, नाहीतर कुजतो. आधाराला सिमेंटचा खांब किंवा जाड पाइप, आणि वर स्कूटरचं जुनं टायर बांधलं की फांद्या त्यावरून छत्रीसारख्या खाली येतात. पाणी बेतानं. पांढऱ्या गराच्या जाती बहुधा एकट्या फळ धरतात. लाल गराच्या काहींना जोडीदार लागतो, त्यांचा पराग रात्री मऊ ब्रशनं लावावा. फुलापासून महिन्या-सव्वा महिन्यात फळ तयार. चव तशी सौम्य आहे, खोटं कशाला सांगू? पण मुलं त्या रंगावर खूश असतात.

फसू नका

मोबाइलवर निळ्या स्ट्रॉबेरीचं चित्र पाहून मी एकदा तीनशे रुपयांच्या बिया मागवल्या. महिनाभर झारीनं पाणी घातलं. उगवलं ते चक्क माठ! त्याची भाजी करून खाल्ली, दुसरं काय करणार? निळी स्ट्रॉबेरी हे चित्रातलंच फळ. तसंच 'जबुटिकाबा' नावाचं ब्राझीलचं, खोडालाच काळी फळं लागणारं झाड. ते खरं आहे आणि सुंदरही आहे, पण बीपासून लावलं तर फळाला आठ-दहा वर्षंसुद्धा लागतात. कलमी रोप, झाडाचं नाव सांगणारा रोपवाटिकेवाला आणि शक्यतो एखाद्या ओळखीच्या घरात वाढलेलं तेच झाड, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

करमळ : ही गोष्ट मुद्दाम सांगते

आता एका झाडाबद्दल जरा सविस्तर. कमरख, कोकणात करमळ म्हणतात ते. आडवं कापलं की चांदणीसारखी फोड होते. सासूबाईंनी माहेराहून, संगमेश्वराकडून, बी आणून ते परसात लावलं होतं. पाचव्या वर्षी धरलं आणि मग दर वर्षी लगडायचं. लोणचं, सरबत, आमटीत आंबटाला एखादी फोड. सासूबाईंचं माहेरच जणू ते.

मामंजींना मधुमेह आणि रक्तदाब. 2017 च्या सुमारास किडनीही अधू झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. मीठ कमी, नारळपाणी बंद, केळं बंद. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि अक्षर न् अक्षर पाळला. करमळाचं नाव त्यावर नव्हतं. बाजारात जे फळ मिळतच नाही, ते यादीत येणार तरी कसं?

2018 च्या दिवाळीआधीची गोष्ट. दुपारी मामंजींनी झाडाखाली बसून दोन पिकलेली करमळं खाल्ली. पथ्य म्हणून मीठसुद्धा लावलं नाही. संध्याकाळी उचकी लागली. सासूबाई हसून म्हणाल्या, "कोण एवढी आठवण काढतंय?" पाणी झालं, साखर झाली, श्वास धरून झाला. रात्री नऊपर्यंत उचकी थांबेना. मग उलट्या. पहाटे तीनला ते मला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. त्या वारल्याला वीस वर्षं झाली होती.

आम्ही मिरजेला धावलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "काल काय काय खाल्लं?" मी सगळं सांगितलं. वरण, भात, दोडक्याची भाजी. करमळाचं माझ्या लक्षातही नव्हतं. सासूबाई मागून म्हणाल्या, "आणि दोन करमळं." डॉक्टरीणबाई जागच्या उठल्या. तासाभरात डायलिसिस सुरू झालं. मामंजी वाचले. चौथ्या दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारली तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

नंतर त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. करमळात ऑक्झलेट भरपूर असतं, शिवाय मेंदूवर परिणाम करणारा एक पदार्थ असतो. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये तो ओळखला आणि त्याला 'कॅरॅम्बॉक्सिन' नाव दिलं. चांगली किडनी तो बाहेर टाकते. अधू किडनीला ते जमत नाही आणि मग तो साचतो. न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूसुद्धा. किडनी बिघडलेल्या माणसाला अर्धं फळही घातक ठरू शकतं. निरोगी माणसानं जेवणात फोडभर खाल्लं तर सहसा काही होत नाही. पण उपाशीपोटी पेलाभर रस पिऊन धडधाकट माणसांच्याही किडनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

याच कुळातली बिमली, खोडाला लटकणारी आंबट हिरवी फळं. माशाच्या कालवणात एखाद-दुसरी घालणं वेगळं आणि 'कोलेस्टेरॉल उतरतं' असं ऐकून तिचा रस पेलाभर पिणं वेगळं. अशा रसानं किडनी एकाएकी निकामी झालेल्या दहा रुग्णांची माहिती केरळातल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांना डायलिसिस करावं लागलं.

म्हणून माझी कळकळीची विनंती. वेगळं फळझाड लावण्याआधी ऊन किती, पाणी किती हे जरूर विचारा. पण त्याही आधी घरात ते कोण कोण खाणार, हे विचारा. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचं दुखणं असेल तर त्या फळाचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा. फळ दाखवायला बरोबर न्या. 'फळं चालतात का?' असं मोघम विचारू नका, कारण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सफरचंद असतं आणि आपल्या परसात करमळ.

मामंजी घरी आल्यावर झाडाचं काय करायचं, हे बोलायला कुणी धजेना. फळं तोडून टाकू, कुंपण घालू, असं आमचे हे म्हणत होते. आठव्या दिवशी सासूबाईंनीच गड्याला बोलावलं. "मी लावलंय, मीच सांगते," म्हणाल्या. झाड पडेपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तुमच्या घरी सगळी निरोगी असतील तर तुम्ही करमळ अवश्य लावा, मुलांना चांदण्या कापून द्या. आमच्या घरी ते शक्य नव्हतं.

त्या जागी पुढच्या जूनमध्ये मी दुसरा फालसा लावला. मामंजींना डॉक्टरांना विचारून रोज चार-पाच फालशांची परवानगी मिळाली होती. ते खरोखर मोजून चारच घेत आणि पाचवा सासूबाईंच्या हातावर ठेवीत. 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत हा नेम चालला.

फालशाचं सरबत

एक वाटी पिकलेले फालसे धुऊन अर्धा तास पाण्यात ठेवावेत. हातानं कुस्करावेत. मिक्सर लावू नये, बी फुटली की कडवट होतं. दोन पेले पाणी घालून गाळावं. पाऊण वाटी साखर, चिमूटभर पादेलोण, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी आणि माठातलं गार पाणी घालून चार जणांना द्यावं. सरबत त्याच दिवशी संपवावं, टिकत नाही.

जाता जाता

पिठ्या ढेकूण दिसला की लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारावं. उन्हाळ्यात आळ्यात वाळक्या पानांचा थर द्यावा, म्हणजे पाणी निम्मं पुरतं. आणि हावरेपणानं एका वर्षात सहा झाडं लावू नयेत. एक लावावं, ते कळू द्यावं, मग दुसरं.

त्या शेजारच्या चिमुरडीला मी फालशाचं रोप दिलंय. त्यांच्या गॅलरीत अर्ध्या पिंपात ते आहे. परवा ती धावत आली, "काकू, आई म्हणते झाड छाटायचं नाही, त्याला दुखेल!"

डिसेंबर आला की कात्री घेऊन मीच जाणार आहे.